रक्त बाहेर आलं म्हणजे ‘बरं झालं’ नव्हे

दुचाकी घसरते, माणूस डोक्यावर आपटतो, भोवती गर्दी जमते. कानातून रक्त ओघळताना दिसले की गर्दीतला एखादा जाणता धीर देतो, ‘बरं झालं, बाहेर आलं, आत साठलं असतं तर धोका होता.’ हे वाक्य इतक्या खात्रीने बोलले जाते की कानात कापसाचा बोळा घालून, पाणी पाजून जखमीला घरी धाडणारेही भेटतात. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. बाहेरून कानाला जखम नसताना डोक्याच्या मारानंतर आतून रक्त आले, तर कवटीच्या तळाला तडा गेला असावा असे डॉक्टर धरून चालतात आणि तसे नाही हे तपासणीतून दिसेपर्यंत तो संशय सोडत नाहीत.

कवटी म्हटले की आपल्याला वरचा घुमट आठवतो. मेंदू बसतो तो तळ मात्र सहसा कोणाच्या ध्यानात नसतो. हा तळ सपाट नाही. जिन्याच्या तीन पायऱ्यांसारखा तो पुढून मागे उतरत जातो. पुढची पायरी डोळ्यांच्या खोबण्या आणि नाक यांच्यावर आहे, मधली कानशिलाच्या आत, आणि मागची, सर्वांत खोल, मानेवर. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्यांपैकी प्रत्येकीला याच तळातून वाट काढावी लागते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्या याच तळातून वर येतात आणि वापरलेले रक्त नेणाऱ्या नीला याच तळातून खाली उतरतात. त्यामुळे तळ भोकांनी आणि फटींनी भरलेला आहे, आणि जिथे भोके तिथे हाड कमकुवत.

नाकाच्या छतावरचे हाड तर अक्षरशः चाळणी आहे. वैद्यकातले त्याचे नावही चाळणीवरूनच पडले. त्या बारीक छिद्रांतून वासाचे तंतू वर मेंदूकडे जातात. अपघाताच्या धक्क्याने ते तुटले, तर माणूस वरकरणी ठणठणीत बरा होतो, पण दूध नासल्याचे किंवा गॅस सुटल्याचे त्याला कळत नाही. घरच्यांना हे लक्षात यायला कधीकधी काही महिने जातात. त्यामागे, तळाच्या मधोमध, वटवाघळाने पंख पसरावेत तसे एक हाड आहे. त्याच्या खोगिरासारख्या खळग्यात वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसते. खोगिराच्या दोन्ही बाजूंना अशुद्ध रक्ताची दोन डबकी आहेत, आणि मेंदूकडे निघालेली मोठी रोहिणी चक्क त्या डबक्यातून जाते. रोहिणी नीलेच्या पोटातून जाते अशी दुसरी जागा शरीरात नाही. डोळा हलवणारे मज्जातंतूही तिथूनच पुढे सरकतात.

या रचनेमुळे एक विचित्र दुखणे उद्भवते. तळाला तडा जाताना त्या रोहिणीला छेद गेला, तर जोराने वाहणारे रक्त डबक्यात घुसते आणि डोळ्याकडच्या नीला फुगतात. अपघातानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एक डोळा लाल होतो, पुढे येतो, आणि डोक्यात नाडीच्या ठेक्यावर सूं-सूं आवाज येऊ लागतो. पाहणाऱ्याला वाटते डोळे आले. मग थेंब घातले जातात, आठवडा जातो, दृष्टी कमी होत राहते. अपघात आणि डोळा यांचा संबंध जोडणारा एक प्रश्न विचारला गेला, तर इलाज होऊ शकतो. बहुधा तो मांडीतल्या किंवा मनगटातल्या रोहिणीतून बारीक नळी वर नेऊन केला जातो.

पण सर्वांत जास्त घोळ होतो तो पाण्याचा. मेंदू एका स्वच्छ द्रवात तरंगत असतो. प्रौढ माणसात हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि रोज साधारण अर्धा लिटर नवा तयार होतो. मेंदूचे जाड आवरण घुमटाला सैलसर, पण तळाला घट्ट चिकटलेले असते. म्हणून तळाचे हाड तडकले की आवरणही सहज फाटते आणि द्रव नाकातून किंवा कानातून ठिबकू लागतो. पुढे वाकले की एका नाकपुडीतून पाण्याची धार, घशात खारट चव. लोक त्याला सर्दी म्हणतात. शेंबूड वाळला की रुमाल कडक होतो. या पाण्याने होत नाही. एवढ्यावरून निदान होत नाही हे खरे, त्यासाठी प्रयोगशाळेतली चाचणी आहे. पण शंका यायला ही खूण पुरेशी आहे.

अपघातानंतर सुरू झालेल्या अशा बहुतेक गळत्या डोके उंच ठेवून विश्रांती घेतल्यावर काही दिवसांत आपोआप थांबतात. थांबेपर्यंत मात्र बाहेरच्या जंतूंना मेंदूपर्यंतचा रस्ता उघडा असतो, आणि मेंदूच्या आवरणाचा दाह जीवघेणा ठरू शकतो. म्हणूनच कानात बोळा कोंबायचा नाही, कोमट तेल सोडायचे नाही, नाक जोराने शिंकरायचे नाही. रुग्णालयांनीही एक पथ्य पाळायचे असते. तळ तडकल्याचा संशय असेल, तर पोटात जाणारी नळी नाकातून घालायची नाही, तोंडातून घालायची. नाकातली नळी तुटलेल्या चाळणीतून थेट कवटीत गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

आणखी अडचण अशी की पहिल्या तासात यातले काहीच दिसत नाही असेही होते. दोन्ही डोळ्यांभोवती काळीनिळी वर्तुळे किंवा कानामागे निळा डाग उमटायला एक-दोन दिवस लागू शकतात. कानामागच्या डागाला बॅटल यांचे नाव आहे. त्याचा लढाईशी संबंध नाही. ते एका इंग्रज शल्यविशारदाचे आडनाव. साध्या एक्स-रेत तळाचा तडा अनेकदा सुटतो. त्याला बारीक कापांचा सीटी स्कॅन लागतो, आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत तो नसतो. कानशिलाच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या, तळातल्या एका छोट्या छिद्रातून वर आलेल्या रोहिणीची कथा तर आणखी फसवी. ती फाटली तरी माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चहा पितो, आणि काही तासांनी कोसळतो. ‘आत्ता तर बोलत होता’ हे वाक्य त्यातूनच येते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घालता ५०,०२९ जण दगावले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. तरीही हेल्मेटसक्तीची चर्चा आपल्याकडे दंडाभोवतीच फिरते. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये सक्ती कडक झाली तेव्हा निदर्शने झाली ती स्वातंत्र्याच्या नावाने. टोपीवजा अर्धे हेल्मेट, न बांधलेला पट्टा आणि पाठीमागे उघड्या डोक्याने बसलेली बायको ही त्याच चर्चेची फळे आहेत. दंड टळला की काम झाले, असा समज. हनुवटीवर बसलेला फटका जबड्याच्या सांध्यातून थेट कवटीच्या तळापर्यंत पोहोचू शकतो, हे टोपीवाल्याला कोणी सांगितलेले नसते. दुचाकीच्या हेल्मेटवर १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे; खरेदी करताना ते आणि हनुवटीची कड, दोन्ही पाहायला हवे.

पण अपघात झाल्यावरची चूक त्याहून स्वस्तात टळणारी आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला घरी सोडताना आजही त्याच्या हाती बहुधा इंग्रजीतले डिस्चार्ज कार्ड पडते आणि तळाशी ‘गरज वाटल्यास यावे’ अशा अर्थाची तीन अक्षरे असतात. गरज कशी ओळखायची, हे नसते. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत अशा रुग्णाला व त्याच्या घरच्यांना तोंडी आणि छापील, दोन्ही सूचना द्याव्यात असे स्पष्ट म्हटले आहे. राज्याच्या आरोग्य विभागाने हाच नियम मराठीत करावा. उलट्या, वाढती डोकेदुखी, न आवरणारी झोप, झटके. नाकाकानातून रक्त किंवा पाणी. चेहरा वाकडा होणे, एकाचे दोन दिसणे, कमी ऐकू येणे. काही दिवसांनी लाल होऊन पुढे आलेला डोळा. आणि यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन. एवढा मजकूर मोठ्या अक्षरांत कागदाच्या एका बाजूवर मावतो, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या झेरॉक्स यंत्रावरही निघतो.