मोजणी चालणाऱ्यापासून

दिवाळी अंक आणायला आईचा हात धरून पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याने अप्पा बळवंत चौकात जायचे, ही माझी लहानपणची दिवाळी. गेल्या वर्षी आई म्हणाली, "यंदा तूच घेऊन ये रे." तिचे गुडघे ठीक आहेत, डोळेही ठीक आहेत. तिला भीती वाटते ती रस्ता ओलांडायची. वाचनाची हौस जराही न ओसरलेल्या बाईला तिच्याच गावातल्या रस्त्यांनी घरी बसवले, याचा मला राग आहे. म्हणून यंदा हे संपादकीय.

फुटपाथ कसा असावा, हे आपल्याकडे केव्हाच लिहून झाले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012च्या सूचनांप्रमाणे चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि फुटपाथची उंची 150 मिलिमीटरहून जास्त नको, म्हणजे वीतभरसुद्धा नको. मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि आपण चालतो कुठे? दर गेटपाशी फुटपाथ उतरतो, पुन्हा चढतो. मध्ये विजेची डीपी, मग जाहिरातीचा खांब, मग लावून ठेवलेल्या दुचाकी. शेवटी माणूस खाली उतरतो आणि बसच्या पुढ्यात येतो. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली; त्यांतली 32 हजारांहून अधिक पायी चालणारी होती.

"लोकांना शिस्त नाही" हे उत्तर मला मान्य नाही. चूक मोजणीत आहे. रस्ता आखताना आधी गाड्यांच्या लेन मोजतात, मग पार्किंग, आणि उरले ते चालणाऱ्याला. मोजणी दुसऱ्या टोकापासून सुरू करा, एवढीच आमची मागणी आहे.

ते जमते, हे याच शहराने दाखवले आहे. जंगली महाराज रस्ता गाड्यांसाठी किती मजबूत बांधला होता, याच्या कथा पुणेकर पन्नास वर्षे सांगत आला. त्याच रस्त्याच्या कडा काही वर्षांपूर्वी पुन्हा आखल्या गेल्या. फुटपाथ रुंद झाला, झाडे आहेत तिथेच राहिली, बसायला जागा झाली. संध्याकाळी तिथे आजोबा टेकलेले दिसतात, पोरे खेळताना दिसतात. माणूस थांबू लागला, की रस्ता त्याचा होतो. लक्ष्मी रस्त्याचा एक भागही 2021पासून 11 डिसेंबरला, पादचारी दिनी, गाड्यांना बंद असतो. त्या दिवशी मी आईला घेऊन गेलो होतो. रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिने दोन्ही बाजूंच्या जुन्या वाड्यांचे वरचे मजले पाहिले. इतक्या वर्षांत तिला मान वर करायची सवडच मिळाली नव्हती.

पथारीवाल्यांना हटवा म्हणजे फुटपाथ मोकळा होईल, हेही मला पटत नाही. 2014च्या कायद्याने त्यांना जागेचा हक्क दिला आहे, आणि रात्री आठनंतर एकट्या मुलीला गजरेवालीच्या दिव्याचा आधार असतो. जागा आखताना त्यांची जागाही आखा. पादचारी भुयारी मार्गांचा हट्ट मात्र सोडा. गाडीवाल्याला पायाखालचा ब्रेक दाबायचा नाही, म्हणून म्हातारीने चाळीस पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या? त्यापेक्षा रस्ता ओलांडायचा पट्टाच फुटपाथच्या उंचीला आणा. गाडी आपोआप हळू होते.

फराळ झाला, की एक काम करा. घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंत चाला आणि फुटपाथवरून खाली कुठे कुठे उतरावे लागले, ते लिहून ठेवा. महापालिका आपल्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. तो कागद आपल्या क्षेत्रीय कार्यालयात द्या. आमच्या गल्लीची यादी आईने केली आहे. घर ते कोपरा, अकरा ठिकाणे.