कपात कोणत्या कलमाखाली?

गाडीचा विमा मधेच रद्द केला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. किती मिळायला हवेत, हे मात्र फारसं कुणी मांडून बघत नाही. एक दिवस मेसेज येतो, खात्यात रक्कम जमा झालेली असते, आपल्या अंदाजापेक्षा बरीच कमी असते आणि ‘असतील काही चार्जेस’ म्हणून माणूस विषय सोडून देतो. दोन-तीन हजारांसाठी कुठे कंपनीच्या मागे लागायचं? माझं म्हणणं, लागावं. ही कपात बहुतेक वेळा एका जुन्या तक्त्यावरून होते आणि नियामकाने २०२४ सालीच हिशेबाची रीत बदलली आहे.

आधी तो तक्ता. २००२ मध्ये ‘इंडिया मोटार टॅरिफ’ नावाचं दरपुस्तक आलं. गाडीचा विमा विकणारी प्रत्येक कंपनी त्याला बांधलेली होती. त्यात ‘शॉर्ट पीरियड’ दर दिले होते. पॉलिसी पहिल्या महिन्याच्या आत रद्द केली तर वर्षाच्या प्रीमियमपैकी २० टक्के कंपनीचे. पुढे जो महिना लागेल त्या प्रत्येकाचे आणखी १० टक्के. म्हणजे चार महिने संपून पाचवा लागला की ६० टक्के गेले, आठव्यात ९०. आठ महिने उलटल्यावर काहीच परत नाही, जरी विम्याचे तीन-साडेतीन महिने शिल्लक असले तरी.

हा तक्ता अगदीच अकारण आला होता असं नाही. पॉलिसी काढताना एजंटचं कमिशन, कागदपत्रं, गाडीची तपासणी हा खर्च सुरुवातीलाच होतो. शिवाय दिवसांच्या प्रमाणात पैसे परत मिळायला लागले तर लोक फक्त पावसाळ्यापुरता विमा घेतील आणि दसऱ्याला रद्द करतील, अशी कंपन्यांना धास्ती. पहिल्या महिन्याचे २० टक्के त्या हिशेबात एक वेळ समजून घेता येतात. नवव्या महिन्यात सगळेच्या सगळे पैसे ठेवून घेण्यात मात्र कुठला खर्च भरून निघतो, हे मला कधीच पटलेलं नाही. ज्या दिवसांची जोखीम कंपनीने घेतलीच नाही, त्या दिवसांचे ते पैसे असतात.

नियामकालाही ते पटलं नसावं. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘आयआरडीएआय’ने, ११ जून २०२४ रोजी सर्वसाधारण विम्यासाठी एक मास्टर सर्क्युलर काढलं. त्यात रद्द करण्याचा भाग अगदी सरळ आहे. ग्राहकाला पॉलिसी केव्हाही रद्द करता येईल आणि त्याने कारण द्यायची गरज नाही. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात क्लेम झाला नसेल, तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम प्रमाणात परत करायचा. मुदत एका वर्षापेक्षा जास्त असेल, तर ज्या वर्षांची जोखीम अजून सुरूच झालेली नाही त्यांचा प्रीमियम परत. ज्यांना नवीन कारसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, त्यांच्यासाठी हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. आणि कंपनीला स्वतःहून पॉलिसी रद्द करायची असेल तर फसवणूक सिद्ध झालेली हवी आणि सात दिवसांची नोटीसही द्यायला हवी.

सांगलीच्या माझ्या मावशीने यंदा गाडी विकली. काकांची नजर अधू झाली, तिला स्वतःला चालवायची हौस नाही आणि अंगणात उभी गाडी धूळ खात होती. ओळखीतल्याच एकाने घेतली. त्याने आपल्या एजंटकडून नवा विमा काढला, आरसी बुक त्याच्या नावावर झालं, मग मावशीने जुनी पॉलिसी रद्द करायचा अर्ज दिला. जीएसटी सोडून १२ हजारांचा प्रीमियम, साडेपाच महिने झालेले, एकही क्लेम नाही. खात्यात आले ३,६०० रुपये. जुन्या तक्त्याप्रमाणे सहाव्या महिन्यात ७० टक्के कापायचे, ते बरोबर कापलेले होते. प्रमाणात हिशेब केला असता तर ६,५०० यायला हवे होते.

तिने एजंटला फोन केला. तो म्हणाला, “काकू, तक्ता ठरलेला असतो, सगळ्या कंपन्यांचा एकच. माझ्या हातात काय नाही.” मावशी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिने मला विचारलं, “हा तक्ता ठरवला कुणी गं? आणि अजून चालतो का?” पैसे किती परत मिळतील, असा प्रश्न विचारला की आकडा मिळतो आणि संभाषण संपतं. तक्ता चालतो का, असं विचारल्यावर समोरच्याला कागद काढावा लागतो.

आम्ही दोघींनी मिळून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल लिहिला. त्याचा पत्ता पॉलिसीच्या कागदांतच छापलेला असतो, शेवटच्या पानांवर. मेल चार ओळींचा होता. पॉलिसी क्रमांक, रद्द केल्याची तारीख, क्लेम नसल्याचा उल्लेख आणि मग, “७० टक्के कपात कोणत्या कलमाखाली केली ते कळवावे. ११ जून २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार उरलेल्या मुदतीचा प्रीमियम प्रमाणात परत मिळावा.” मावशीने त्याखाली दिवसांचा हिशेबही लावून दिला, फळ्यावर मांडावा तसा, पायरी पायरीने. कंपनीने काही काळाने उरलेले २,९०० रुपये जमा केले. कपात कोणत्या कलमाखाली केली होती, याचं उत्तर मात्र आलं नाही. पैसे मिळाले तरी हे मला लागून राहिलं आहे, कारण ज्यांनी मेल केला नाही त्यांचं काय झालं असेल ते त्या न आलेल्या उत्तरात आहे.

पैसेही आले नसते तर पुढचा रस्ता नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलचा. तिथे नोंदवलेली तक्रार कंपनीकडे जाते आणि नियामकाच्या डोळ्यांसमोरही राहते. त्यानेही भागलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिला असेल किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नसेल, तर तिथे जाता येतं. मात्र वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपाल ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी बघतात. लहान रकमेला खालची मर्यादा नाही, आणि २,९०० रुपयांची तक्रार नेणाऱ्याने तिथे संकोच करायचं काही कारण नाही.

आता दुसरी बाजू, कारण कंपनीची प्रत्येक अट चुकीची नसते. गाडीचा दुसरा विमा आहे किंवा गाडी नव्या मालकाच्या नावावर झाली आहे, याचा पुरावा कंपनी मागते. तो मागायलाच हवा. मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आणि इथे विकणाऱ्याचा जीव अडकलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी कुणाकडे गेली, पुढे त्याने आणखी कुणाला विकली, हे बघितलं जात नाही. म्हणजे गाडी दिली, पैसे घेतले, विमा रद्द केला आणि नाव बदललंच नाही, असं झालं तर त्या गाडीखाली सापडलेल्या माणसाची भरपाई विकणाऱ्याच्या घरावर येऊ शकते. दोन-तीन हजार लवकर मिळावेत म्हणून हा धोका कुणीही पत्करू नये. मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म खरेदीदाराच्या हातात देऊन मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी ‘वाहन’ पोर्टलवर नाव बदललेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि मगच रद्द करण्याचा अर्ज द्यावा. त्यात महिनाभर गेला तरी प्रमाणाच्या हिशेबात बाराव्या हिश्श्याचंच नुकसान आहे.

नो क्लेम बोनसचंही तसंच. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. खरेदीदाराने जुनीच पॉलिसी आपल्या नावावर करून घेतली तर बोनसमुळे मिळालेली सवलत कंपनी त्याच्याकडून वसूल करते. ती वसुली रास्त आहे, त्यावर वाद घालू नये. विकणाऱ्याने मात्र पॉलिसी रद्द करतानाच बोनसचं पत्र मागून घ्यावं. तीन वर्षांच्या आत दुसरी गाडी घेतली तर ते तिथे चालतं, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत गेलेली असते, अर्थात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर. मावशीने हे पत्रही घेतलं. काकांना आता गाडी नको आहे, पण पत्र तिने फाइलला लावून ठेवलं.

मग तिने परताव्याचा कागद पुन्हा वाचला. १२ हजारांवर १८ टक्के जीएसटी तिने भरलेला होता. पहिल्या ३,६०० रुपयांबरोबर त्यांचा कर परत आला, तो तिथे वेगळ्या ओळीत दाखवला होता. नंतरच्या २,९०० रुपयांबरोबर आलेला नाही. तो होतो ५२२ रुपये. काल तिने दुसरा मेल पाठवला आहे, मला न विचारता, आणि त्याची प्रत मला आली आहे.