नाश्ता मिळतो, चाळायला काय मिळते?

सुटीची निवांत सकाळ, इराण्याकडचा ब्रून-मस्का आणि त्यानंतर पदपथावरची जुनी पुस्तके, हा मराठी ललितलेखनातला एक ठरून गेलेला प्रसंग आहे. तो मुंबईच्या फोर्टात घडतो, नाहीतर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपास. तो वाचून आम्ही साहित्याचे प्राध्यापक हळवे होतो आणि त्याच भरात 'तालुक्याच्या गावांत वाचनसंस्कृतीच नाही' असा निकाल देऊन मोकळे होतो. माझा आक्षेप या निकालाला आहे.

एका रविवारी हाच प्रसंग मी सिन्नरला घडवून पाहिला. नाश्त्यात काहीच उणे नव्हते. मिसळीच्या हॉटेलात बसायला जागा नव्हती आणि एकाच वर्तमानपत्राची पाने सुटी होऊन चार टेबलांवर फिरत होती. तिथून गोंदेश्वराला गेलो. यादवकाळातले हे शैव पंचायतन. मधले मुख्य देऊळ आणि भोवतीची चार लहान देवळे. तिथे तासभर रेंगाळलो. मागच्या भिंतीवरचे शिल्प आधी पाहिले, दर्शनी बाजू नंतर. 'तुम्हांला नेमके काय पाहायचे आहे?' असे कोणी विचारले नाही.

पुढच्या दुकानात मात्र हाच प्रश्न आला. 'कोणतं पुस्तक पाहिजे?' फळीपलीकडे गाईडे, स्पर्धापरीक्षांची पुस्तके आणि पंचांगे होती. दुकानदाराचे काही चुकले नाही. जे खपते ते तो ठेवतो. पण कोणते पुस्तक हवे हे ठाऊक नसणे, हीच तर चाळण्याची पहिली अट आहे.

मग चाळायचे कुठे? अर्थातच वाचनालयात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड वर्गांची, शासकीय अनुदानावर चालणारी वाचनालये गावोगावी उभी राहिली, ही मोठीच गोष्ट. पण अशा एका वाचनालयात (गावाचे नाव घेत नाही) मी पाहिले ते असे : कपाटे कठड्यापलीकडे, वाचक अलीकडे, मध्ये एक यादी. यादीतून क्रमांक सांगा, पुस्तक हाती येईल. पुस्तके चोरीला जातात, हे यावरचे ठरलेले उत्तर. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या कर्मचाऱ्याला ते शोभते, कारण हिशेब त्याला द्यावा लागतो. व्यवस्थेला ते शोभत नाही. पुस्तके उपयोगासाठी असतात, हा रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिला नियम. मुक्त प्रवेशाचा आग्रह त्यातूनच येतो. त्याही आधी, १९१० मध्ये, सयाजीराव गायकवाडांनी बोर्डन यांना अमेरिकेहून बडोद्याला बोलावले, आणि तिथल्या ग्रंथालय चळवळीत पुस्तकांच्या पेट्या खेड्यांपर्यंत पोचल्या. सयाजीरावांचा जन्म मालेगावजवळच्या कवळाण्याचा, म्हणजे याच नाशिक जिल्ह्यातला!

'आता मोबाइलवर सगळे मिळते,' असे कोणी म्हणेल. मिळते; पण तिथेही आधी नाव टंकावे लागते, किंवा आपण काल जे पाहिले त्याच्याच जातकुळीतले समोर येते. शेजारच्या पुस्तकाला चुकून हात लागणे तिथे दुर्मीळ.

मागे तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीला मी 'नेमलेल्या पुस्तकांबाहेरचे काहीतरी वाचा' असे सुनावले. तिने विचारले, 'सर, काय मागू?' मला तो आळस वाटला. पुस्तकांच्या उघड्या मांडणीपुढे ती आयुष्यात कधी उभीच राहिली नव्हती, हे मला फार उशिरा कळले. जिला पाहूच दिले नाही तिला निवडता येत नाही, आणि तिच्या या न येण्याला आम्ही अभिरुचीचा अभाव म्हणतो.

तेव्हा वाचनसंस्कृतीवरचे पुढचे चर्चासत्र घेण्यापूर्वी एक करावे. सुटीच्या दिवशी सकाळी दोन तास कपाटे उघडी ठेवावीत. काही पुस्तके जातील. कुलपाआड वाळवी खाते त्याहून ती फार नसावीत. सुरुवात वाचनालयाने करावी असेही नाही. आमच्या मराठी विभागातही एक काचेचे कपाट आहे. त्याची किल्ली गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे.