मुखवट्यामागे चेहराच असतो, हे कोणी सांगितले?

मराठी समीक्षेत काही वाक्ये अशी आहेत की ती लिहिणाऱ्याला विचार करावा लागत नाही आणि वाचणाऱ्यालाही. 'येथे मुखवटा गळून पडतो आणि खरा चेहरा दिसू लागतो' हे त्यांतले अग्रगण्य. आत्मचरित्रांच्या प्रस्तावनांत ते असते, परीक्षणांत असते, गाइडांत असते. आणि तेथून उत्तरपत्रिकांत इतक्या निष्ठेने उतरते की तपासताना आमची लाल शाई दर वर्षी तेथेच थबकते. चित्रकारांच्या आत्मचित्रांवर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यातही त्याची सुटका नाही. आमचा या वाक्याला विरोध आहे. ते घासून गुळगुळीत झाले आहे म्हणून नव्हे. ते खोटे आहे म्हणून.

बेल्जियमच्या जेम्स एन्सॉरचे (१८६०-१९४९) १८९९ मधले मुखवट्यांसहचे आत्मचित्र पाहावे. एन्सॉर ओस्टेंड या समुद्रकाठच्या गावात वाढला. घरच्यांच्या दुकानात शंखशिंपले, चिनी वस्तू आणि कार्निव्हलचे मुखवटे विकायला असत. मुखवटा त्याला कोठल्या तत्त्वज्ञानातून प्रतीक म्हणून सुचला नाही. तो घरच्या दुकानातला माल होता. या चित्रात मुखवट्यांची नुसती खेचाखेच आहे, आणि त्या गर्दीत एकच मानवी चेहरा, चित्रकाराचा. आमच्या ठरीव वाचकाला याहून सोयीचे चित्र मिळायचे नाही: ढोंगी समाज आणि त्यात एकटा प्रामाणिक कलावंत! पण त्या चेहऱ्याची ठेवण जरा निरखावी. पीस खोवलेली लाल टोपी, किंचित वळवलेली मान, निगुतीने राखलेली दाढीमिशी. हा तर सतराव्या शतकातल्या रुबेन्सचा थाट. एन्सॉरने १८८३ मध्येच स्वतःला एका आत्मचित्रात रंगवले आणि १८८८ मध्ये त्याच चित्रात डोक्यावर फुलांची टोपी चढवून ते रुबेन्सच्या वळणावर नेले, तेव्हा १८९९ मधला हा थाट अनवधानाने आलेला नाही. गर्दीतला जो एकमेव 'उघडा' चेहरा, तोच उसना आहे. भोवतालचे मुखवटे दुकानातून आले, हा चित्रपरंपरेतून आला, इतकाच भेद.

फ्रीदा काहलोच्या बाबतीत तर आमच्या टीकाकारांची भीड पूर्ण चेपलेली असते. तिच्यावर लिहिताना १९२५ चा बस-अपघात आधी येतो आणि चित्र नंतर. पुष्कळदा येतच नाही. तिने वेदना सोसल्या याविषयी कोणाचे दुमत नाही. पण १९४५ मधले तिचे 'मुखवटा' हे चित्र काय करते? त्यात एक स्त्री रडणाऱ्या बाईचा मुखवटा हाताने तोंडासमोर धरून उभी आहे. डोळ्यांच्या जागी भोके आहेत. अन्य आत्मचित्रांत, 'भंगलेला स्तंभ' (१९४४) यासारख्या चित्रात, गालांवर अश्रू असूनही तिचा चेहरा दगडासारखा स्थिर असतो. येथे मात्र भावना विस्कटली आहे ती मुखवट्याच्या मुद्रेवर. म्हणजे दुःख दिसावे म्हणून तिला मुखवटा काढावा लागला नाही, घालावा लागला. आता 'मुखवटा गळून पडतो' हे वाक्य या चित्राला कोठे चिकटवायचे, ते आम्हाला कोणी दाखवून द्यावे.

खरे तर हे समजून घ्यायला मेक्सिकोपर्यंत जाण्याची गरज नव्हती. भाद्रपदात घरोघरी गौरींचे मुखवटे बसतात, तेव्हा 'मागे खरी गौर कोठे आहे' असे कोणी विचारत नाही. मुखवटा बसला की गौर आली. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात मुखवटा चढवून 'सोंग' नाचते, आणि सोंग म्हणजे लबाडी असे तेथे कोणी मानत नाही. शब्द आपलाच, परंपरा आपलीच; समीक्षेने मात्र त्यातून दांभिकपणाचा तेवढा अर्थ उचलला. अतुल दोडिया यांनी १९९४ मध्ये 'बाझीगर'च्या पोस्टरवरील नायकाच्या रूपात स्वतःला रंगवले आणि चष्म्याच्या काचांत हॉकनी व भूपेन खख्खर यांना बसवले, तेव्हा तो चेहरा लपवणे नव्हते. आपण कोणाकोणाचे बनलेलो आहोत, याचा तो कबुलीजबाब होता.

हा केवळ चित्रकलेचा वाद असता तर आम्ही तो चित्रकारांवर सोपवला असता. पण या वाक्याचा वापर सर्वत्र सारखा होत नाही. प्रस्थापित कवीने 'मी' म्हटले की आपण निवेदक, भूमिका, शैली यांची चर्चा करतो. दलित लेखकाने किंवा एखाद्या स्त्रीने 'मी' म्हटले की मात्र 'निखळ अनुभव', 'प्रांजळपणा', 'मुखवट्याविना चेहरा'. हा गौरव वाटतो; प्रत्यक्षात ती वजावट आहे. प्रामाणिकपणाचे गुण द्यायचे आणि रचनेचे कापून घ्यायचे. दया पवारांच्या 'बलुतं'ची (१९७८) मांडणीच अशी आहे की दगडू मारुती पवार आपली कहाणी लेखक दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे दोन केले आहेत, समोरासमोर बसवले आहेत, आणि त्या दोहोंमध्ये शिक्षणाने, शहराने, मध्यमवर्गीय होण्याने पडलेले अंतर हाच पुस्तकाचा गाभा आहे. ही एवढी धाडसी निवेदनयोजना वर्गात शिकवताना आपण दोन ओळींत उरकतो आणि 'भेदक वास्तव' या मथळ्याखाली टिपणे उतरवून देतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: सगळेच सोंग म्हटले तर सोसलेल्याच्या साक्षीचे काय? आमचे उत्तर असे की साक्ष ही घडवावीच लागते. ती घडवण्याचे कसब ज्याने दाखवले, त्याला ते नाकारणे हाच साक्षीचा अधिक मोठा अपमान आहे. दगडूचे सोसणे खरे आहे. ते खरे म्हणून आपल्यापर्यंत पोचते, कारण समोर ऐकायला दया पवार बसवलेला आहे.

तेव्हा पुढच्या प्रश्नपत्रिकेसाठी आमची एक सूचना आहे. '"बलुतं"मधील वास्तवदर्शन स्पष्ट करा' हा प्रश्न एक वर्ष बाजूला ठेवावा आणि विचारावे: 'दगडूने ही कहाणी वाचकांना थेट का सांगितली नाही?' दहा गुणांना.