बायोडाटा : न लिहिलेल्या कामांची नोंद

‘बायोडाटा’ हा शब्द आपल्या घरांत लग्नाच्या निमित्ताने आला आणि नोकरीच्या अर्जातही तोच साचा शिरला. शाळा सोडून गेलेले विद्यार्थी नोकरीसाठी तयार केलेला कागद दाखवण्यास माझ्याकडे येतात. वर ‘नमो बुद्धाय’, कोपऱ्यात छायाचित्र, खाली वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती. छंद म्हणून वाचन व क्रिकेट. शेवटी वरील माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञापन. हा उमेदवार काय करू शकतो, एवढेच त्या दोन पानांत सापडत नाही. तथागतांना वंदन करण्यास कोणाची हरकत असणार? परंतु वंदनेची जागा विहारात आहे, गोदामाच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. सरकारी नोकरीच्या अर्जात जातीचा उल्लेख हा आपल्या घटनात्मक हक्काचा भाग आहे. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. तो हक्क संकोचाने लपवण्याचे कारण नाही. तेथे जातीचे प्रमाणपत्र, वैधता, सर्व काही वेळेत जोडावे. खासगी कंपनीत मात्र आरक्षण नाही. तेथे जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय हे रकाने आपण होऊन भरण्याचे काहीही प्रयोजन नाही. एकच कागद दोन्हीकडे पाठवण्याची आपल्या मुलांची सवय मोडली पाहिजे.

‘रकाना गाळला तरी आडनाव राहतेच ना, सर?’ असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठवून पाहिले. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोनतृतीयांश आढळली, मुस्लिम नावाच्या अर्जाची तर एकतृतीयांशच. त्याच सुमारास सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी संवाद साधला. गुणवत्तेवर बोलणारे हेच अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ आवर्जून विचारतात, असे त्यात दिसून आले. तेव्हा उत्तम बायोडाटा लिहिला की दार उघडेलच, असे आश्वासन मी कोणालाही देत नाही. काही पालक आडनाव बदलण्याचा मार्ग सुचवतात. मला तो मान्य नाही. आडनाव पुसून मिळालेल्या खुर्चीवर माणूस जन्मभर दचकत बसतो. नाव राहू द्यावे, आणि त्या नावाखालचा मजकूर असा असावा की तो डावलणाऱ्याला कारण शोधावे लागेल.

आणि हा मजकूर आपल्या मुलांजवळ असतो. ती तो लिहीत नाहीत. वसतिगृहाच्या भोजनगृहाचा हिशेब दोन वर्षे सांभाळलेल्या एका मुलीच्या कागदावर ‘अनुभव : नाही’ असे होते. विचारले तर म्हणाली, ‘सर, ते तर आपलंच काम होतं.’ रोज किती ताटे, किती किलो तांदूळ, दुकानदाराची थकबाकी किती, हे जिच्या वहीत चोख होते, तिला अनुभव नाही? सुटीत आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जाऊन टोळीच्या उचलीचा आणि खेपांचा हिशेब ठेवणारा मुलगा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी पोलीस ठाण्यातून परवानगी आणणारा, वर्गणी गोळा करून जमाखर्च वस्तीसमोर वाचून दाखवणारा कार्यकर्ता, धाकट्यांचा अभ्यास घेणारी ताई, या सर्वांचे रकाने कोरेच.

हा संकोच कोठून येतो, याचे उत्तर इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला आपल्या गावगाड्यात दिसते. १९५८च्या कायद्याने महार वतन गेले; पण त्यापूर्वीच्या पिढ्यांनी सरकारी टपाल वाहिले, चावडी राखली, हद्दींच्या खुणा सांगितल्या, तरी ते कसब म्हणून कोणी मोजले नाही. ते ‘करायचेच’ काम होते. ‘आपलंच काम’ हा त्या मुलीचा शब्द मला त्याच परंपरेतला वाटतो. याउलट शिवराम जानबा कांबळे यांचा १९१०चा अर्ज पाहा. सैन्यात आणि पोलिसांत पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून तो थेट भारतमंत्र्यांकडे गेला. भाषा त्या काळच्या रीतीप्रमाणे नम्र. पण आधार पूर्वजांनी बजावलेल्या लष्करी सेवेचा. केलेले काम सांगून अर्ज करणे आपल्याला नवे नाही.

लिहावे कसे, ते थोडक्यात सांगतो. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्यास एक पान पुरे. काम क्रियापदाने सांगावे आणि त्यास आकडा जोडावा. ‘प्रामाणिक व कष्टाळू’ असे लिहिण्यापेक्षा ‘वसतिगृहाच्या भोजनगृहाचा मासिक हिशेब दोन वर्षे ठेवला’ हे वाक्य अधिक बोलते. जाहिरातीत जी कौशल्ये मागितली असतील त्यांपैकी आपल्याजवळ जी खरोखर आहेत ती त्याच शब्दांत लिहावीत. मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी हल्ली संगणक लावतो. इंटरनेटवरून उतरवलेला ‘उद्दिष्ट’ नावाचा परिच्छेद काढून टाकावा. तो शंभर जणांचा एकच असतो. न येणारे सॉफ्टवेअर ‘येते’ म्हणू नये. पंचशीलातले चौथे शील येथेही लागू आहे, शिवाय मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडे पडते.

उरला प्रश्न हा कागद वाचणाऱ्याचा, आणि येथे मला माजी विद्यार्थ्यांशी बोलायचे आहे. सुस्थित घरातल्या मुलाचा बायोडाटा कंपनीकडे जाण्यापूर्वी त्याचा काका, मामा किंवा वडिलांचा मित्र वाचतो, दोन ओळी खोडतो, आणि कोणत्या कार्यालयात कोणाला भेटावे तेही सांगतो. आपल्या मुलांच्या घरी तो काका नाही. तुमच्यापैकी बँकेत, रेल्वेत, पुण्याच्या संगणक कंपन्यांत, नर्सिंगमध्ये स्थिरावलेले कितीतरी जण आहेत. मेळाव्याला तुम्ही येता, सत्कार होतात, छायाचित्रे निघतात. पुढच्या मेळाव्यात दुपारचे दोन तास ग्रंथालयात टेबले मांडू. प्रत्येक टेबलाशी एक माजी विद्यार्थी, समोर बारावी अथवा पदवी झालेली तीन मुले आणि त्यांचे कागद. हार कमी आणा, लाल शाईची पेने आणा. ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी आपल्या कार्यालयात कोणत्या जागा केव्हा निघतात आणि अर्ज कोणाच्या हाती पडतो, एवढे तरी शाळेला कळवावे.