बर्फावरचा उतार आणि सह्याद्रीची सवय

कोरेगावच्या माणसाला डोंगराचे नवल नसते. जरंडेश्वराची चढण लहानपणीच पायाखालची झालेली असते. कल्याणगड, चंदन-वंदन हे तर सुट्टीतले सोबती. आता आपल्याकडील विद्यार्थी हिवाळ्यात हिमालयातही पदभ्रमणास जाऊ लागले आहेत. याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र सह्याद्रीत कमावलेला आत्मविश्वास बर्फावर जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

आपल्याकडे कडा जितका उभा, तितकी भीती अधिक. बर्फाचे गणित निराळे आहे. अतिशय उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही आणि सौम्य उतारावरून तो सहसा घसरत नाही. 30 ते 45 अंशांचा, पाहताना चालण्याजोगा वाटणारा उतारच हिमस्खलनाचे मुख्य घर होय. हाक मारल्याने बर्फ कोसळतो ही समजूतही निराधार आहे. वाऱ्याने आणून टाकलेला घट्ट थर खालच्या ठिसूळ थरावर कसाबसा तोललेला असतो. प्राणघातक अपघातांपैकी बहुतेकांत तो मोडतो, तो त्यात सापडणाऱ्याच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्या भाराने.

सातारा हा सैनिकांचा जिल्हा. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनमध्ये दहा जवान बर्फाखाली गाडले गेले. त्यांपैकी एक माण तालुक्यातील मस्करवाडीचा होता. सैनिकाला ठाणे सोडता येत नाही. हौशी पदयात्रीला मागे फिरता येते, आणि तरीही तो फिरत नाही! परतीचे रेल्वे आरक्षण हा हिमालयातला सर्वांत वाईट वाटाड्या आहे.

केवळ शिक्षणाने संकट टळते असेही नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का दांडा येथे हिमस्खलन कोसळले, त्यात प्रशिक्षकांसह 29 जण गेले.

म्हणूनच मुलांना पाठविणाऱ्या शिक्षक-पालकांनी आयोजकांना काही प्रश्न आधीच विचारावेत. संरक्षण खात्याच्या चंडीगढ येथील संशोधन संस्थेकडून निघणारे हिमस्खलनाचे इशारे रोज पाहिले जातात काय? ताजा बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस थांबण्याची सोय आहे काय? धोक्याचा उतार एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी, हा नियम पाळला जातो काय? प्रत्येकाजवळ संदेशप्रक्षेपक, शोधकाठी आणि फावडे असते काय? गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. नंतर ही आशा झपाट्याने मावळते. तेवढ्या वेळात पायथ्याची मदत पोहोचणे शक्य नसते, जवळचे सोबतीच काय ते उपयोगी.

आणि वाट धोक्याची म्हणून तुकडी मागे वळली तर शुल्काचे काय, तेही माहितीपत्रकात आधीच छापून घ्यावे.