एकेश्वरवादाची शिडी

अनेक देव मानणें ही मानवी बुद्धीची बाल्यावस्था व एकच मानणें ही प्रौढावस्था, हा सिद्धान्त सुशिक्षितांच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, त्यास पुरावा मागणेंही असभ्यपणाचें वाटावें. याच सिद्धान्ताच्या जोरावर घरांतील मुलें आजीच्या देव्हाऱ्यास अडाणीपणा समजूं लागतात. म्हणून आम्ही तो पुरावा मागतों.

ख्रिस्तपूर्व १४ व्या शतकांत मिसरच्या अखेनातेन राजानें आतेन या सूर्यबिंबाची उपासना सर्वश्रेष्ठ ठरविली व शिलालेखांतून आमोन देवाचें नांव टाकीनें खरवडून काढविलें. राजा वारल्यावर थोड्याच वर्षांत, तुतनखामेनच्या कारकीर्दींत, जुनीं दैवतें देवळांत परतलीं. शिडी चढलेला समाज खालीं कां उतरला?

बहुदेवपूजा आधींची, हें ह्यूमनें १७५७ सालीं लिहिलें खरें. पण मनुष्याचें मन या दोन टोंकांमध्यें भरती-ओहोटीप्रमाणें हेलकावे खातें, आणि परमतसहिष्णुता पुष्कळ देव मानणारांतच अधिक, हेंही त्यानेंच लिहिलें. (हीं पानें आमचे शिडीवाले बहुधा चिकटलेलींच ठेवतात!)

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील दीर्घतमस् ऋषीच्या सूक्तांत तर एक सत् व अनेक देवनामें एकाच ऋचेंत नांदतात. त्या ऋषीस बाल म्हणावयाचें कीं प्रौढ, हें या मंडळींनीं एकदां सांगून टाकावें.